दिवाणखान्यातील सोफा : त्याची निवड व मांडणी

गादी, लोड आणि तक्के यांवर ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, त्या व्यापारी वर्गाच्या घरांत आज सोफा हा सर्वांत मोठा व बहुधा सर्वांत महाग नग होऊन बसला आहे. असे असूनही, एक गाडी हरभरा घेताना आपण जी चौकशी करतो तिच्या चतुर्थांश चौकशीही या खरेदीत होत नाही. विशेषतः कोपऱ्यात वळणारा, सुट्या भागांचा सोफा हल्ली घरोघरी येत आहे. तो कसा निवडावा व कसा मांडावा, याविषयी चार व्यवहारी गोष्टी सभासद बंधु-भगिनींपुढे ठेवाव्यात, एवढाच आमचा हेतू आहे.

मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि काचीगुड्याचे स्टेशन १९१६ साली बांधले गेले. त्या बाजूने व्यापारासाठी येणाऱ्या कुटुंबांना काचीगुडा व त्याला लागून असलेला बरकतपुरा हा परिसर सोयीचा वाटणे स्वाभाविकच होते. त्या काळच्या घरांतून पुढची खोली म्हणजे बैठक. भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी, तीवर पांढरी चादर, आणि पाच माणसे आली काय किंवा पन्नास आली काय, खोली तीच! आता बंगल्यांच्या जागी मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. खाली खांबांमध्ये मोटारी, वर बिऱ्हाडे. अशा बिऱ्हाडातील हॉल ११ फूट रुंद व १६ फूट लांब असला तरी तो बरा म्हणावयाचा. त्यातच टेलिव्हिजन, त्यातच जेवणाचे टेबल, आणि त्यातच सोफा.

‘सोफा’ हा शब्द आपण इंग्रजीतून घेतला खरा, परंतु त्याचे मूळ अरबी ‘सुफ्फा’ म्हणजे ओटा किंवा बाक असे आहे. हैदराबादेत राहून हे ध्यानात आले की मौज वाटते. पाहुणा विलायतेची वाट करून आला, पण शेजारच्याच भाषेतला निघाला! मात्र येथील जुन्या दरबारी व व्यापारी रीतीत बसण्याचा क्रम ठरलेला असे. चौमहल्ल्यातील खिलवत मुबारक या दालनात निजामांचे संगमरवरी तख्त आजही पाहावयास मिळते. आपल्या पेढीवरही लहान प्रमाणावर तोच प्रकार चाले. लोडाजवळ शेठजी, त्याखाली मुनीम, त्याखाली अडत्ये, आणि स्त्रिया तर आतल्या दाराच्या उंबऱ्याशी. जुन्या बैठकीचे गोडवे गाणाऱ्यांनी हा उंबरा विसरू नये. सोफा आला आणि सून सासऱ्यांसमोर खुर्चीच्या उंचीवर बसू लागली, हे आमच्या मते त्याने केलेले मोठेच काम होय. त्याच्या मोबदल्यात मात्र जमीन गेली. त्याविषयी पुढे सांगू.

प्रथम मापाचा विचार. दुकानाच्या विस्तीर्ण दालनात किंवा नामपल्लीच्या नुमाइशीत ९ फुटांचा सोफा लहानसा दिसतो. घरी आला की तोच हत्ती होतो. कागदावर आकृती काढून स्त्री-वर्गाची किंवा मुलांची कल्पना स्पष्ट होत नाही असा अनुभव आहे. आम्ही आमच्या धंद्यातला उपाय सुचवितो. पन्नास किलोचे तागाचे रिकामे पोते सुमारे ३७ इंच लांब व साडेबावीस इंच रुंद असते. योगायोग असा की, सोफ्याची पुढून मागपर्यंतची खोली साधारण तेवढीच, आणि एका माणसास सुखाने बसावयास लागणारी रुंदीही तेवढीच. पोत्याची लांबी भिंतीकडून खोलीच्या मध्याकडे येईल अशी पोती एकाशेजारी एक अंथरावीत. एक पोते म्हणजे एक आसन. दोन दिवस ती तशीच ठेवून घरातील माणसांनी त्यांना वळसा घालून वावरावे. कोठे पाय अडतो, बाल्कनीचे दार उघडते की नाही, स्वयंपाकघरातून ताट घेऊन येणारीस वाट राहते की नाही, हे सारे आपोआप कळते. मुख्य वाटेस ३० इंच तरी मोकळे हवेत, आणि सोफा व टीपॉय यांत १६ ते १८ इंच.

याच हिशेबाने आकार ठरवावा. ११ फूट म्हणजे १३२ इंच. इंग्रजी ‘यू’सारखा तीन बाजूंचा सोफा या रुंदीत बसविला तर दोन्ही बाजूंचे मिळून ७४ इंच गेले, मध्ये उरले ५८. त्यात दोन फुटांचा टीपॉय ठेवला की दोहो बाजूंस सतरा-सतरा इंच. बसलेल्यांचे गुडघे ओलांडूनच पाहुण्याने आत जावयाचे! म्हणून ‘यू’ आकार मोठ्या घरांसाठी सोडून द्यावा. राहिला ‘एल’. लांब बाजू ९ फूट व आखूड बाजू ७ फूट अशी सर्वसाधारण पद्धत. ऐकावयास हे भरपूर वाटते, परंतु कोपऱ्यातील जागा खरी जागा नव्हे. तेथे बसणाऱ्याचे गुडघे दोन्ही शेजाऱ्यांस लागतात. सात पोत्यांच्या त्या जागेत पाच माणसे सुखाने बसतात आणि सहावा अवघडून. जुना तीन व दोन आसनांचा सेटही पाचच माणसांचा. तेव्हा ‘एल’ घेतल्याने बसणारी माणसे वाढतात हा केवळ भ्रम आहे. वाढते ती घरच्या माणसांची रात्री पाय पसरून बसण्याची सोय. ती ज्यांना हवी त्यांनी अवश्य घ्यावा. पाय पसरण्याच्या लांब आसनास दुकानदार लाउंजर म्हणतात. परंतु चार वडीलधारी माणसे आली असता त्यावर पाय पसरून बसण्यास कोण धजेल? तेवढी जागा पाहुण्यांच्या दृष्टीने वायाच.

आखूड बाजू दाराच्या तोंडाशी येऊ देऊ नये. येणाऱ्यास प्रथम सोफ्याची पाठ दिसणे हे आपल्याकडे शिष्टसंमत नाही.

येथे एक हकीकत सांगावीशी वाटते. आमच्या परिचयातील एका घरी नवा, खोल व मऊ सोफा आला. त्यानंतर काही दिवसांत घरातील वयोवृद्ध शेठजींनी बाहेर येऊन बसणे सोडले. दुकान मुलांच्या हाती दिल्यामुळे मन उदास झाले असावे, असे सर्वांनी मानले. वैद्य झाले, डॉक्टर झाले. अखेर नातीने विचारले तेव्हा ते म्हणाले, “त्यात बसलो की उठता येत नाही, आणि लोकांदेखत दोघांनी हात धरून उठविलेले मला आवडत नाही.” सोफ्याच्या टोकाला सरळ पाठीची, मजबूत हातांची एक लाकडी खुर्ची ठेवली गेली. दुसऱ्या दिवसापासून शेठजी बाहेर! ज्या घरात वृद्ध आहेत तेथे आसनाची उंची १७ ते १८ इंच असावी, बसण्याची खोली २१ इंचांपलीकडे नसावी, आणि निदान एक खुर्ची त्या जोडकामाच्या बाहेर, स्वतंत्र असावी. हे आम्ही अत्यंत आग्रहाने सांगतो.

आता जमिनीविषयी. सामायिक दोन घटकांचे, म्हणजे ४८ मिनिटांचे, आणि ते जमिनीवर आसन घालूनच करावयाचे. भक्तामर पाठ असो, नवकार जप असो, किंवा घरात दुःखद प्रसंग घडून शंभर माणसे समाचारास येवोत, आपणांस खोली रिकामी करावी लागते. भावाच्या निधनाच्या दिवशी सोफा जिन्यात उभा करून ठेवताना कारागीर शोधीत फिरणारी माणसे आम्ही पाहिली आहेत. म्हणून सोफ्याचे भाग पेचांनी कायमचे जखडलेले नसावेत; कडीने अडकणारे व दोघांस उचलता येतील असे असावेत. दोन गाद्या व चार तक्के कपाटात असू द्यावेत.

जयणेचाही विचार हवा. ज्याचा तळ जमिनीस टेकतो त्या सोफ्याखाली कण साचतात, ओल राहते, जीव होतात, आणि मग औषध फवारण्याची पाळी येते. आपण गोदामात थप्पी लाकडी फळ्यांवर व भिंतीपासून दूर का लावतो? तेच येथे. पाय ५-६ इंच उंच असावेत, म्हणजे केरसुणी आरपार जाते. चामडे व रेशीम आपणांस वर्ज्यच. परंतु रेक्झिनही हैदराबादच्या उन्हाळ्यात अंगास चिकटते. जाड सुती कापडाची, काढून धुता येणारी खोळ सर्वांत बरी. परिग्रहपरिमाणाच्या व्रतात घरातील सामानाचीही गणना होते आणि नित्याच्या चौदा नियमांत शयन-आसन मोजले जाते. तेव्हा नवा सोफा घेताना जुना आतल्या खोलीत ढकलण्याऐवजी कोणास तरी देऊन टाकावा.

राहता राहिली खरेदी. पोत्यास परखी लावल्याशिवाय आपण सौदा करीत नाही. सोफ्यास परखी लागत नाही, म्हणून तळाचे काळे अस्तर थोडे उसवून आतील लाकूड दाखविण्यास सांगावे. सागवान किंवा साल असेल तर तो विकणारा आनंदाने दाखवील. फोम हा वजनावर ओळखण्याचा माल आहे. घनमीटरला ३२ किलोपेक्षा हलका बसण्याच्या भागास घेऊ नये, ४० चा मिळाल्यास उत्तम. डावा-उजवा हा शब्द तोंडी कधीही वापरू नये. दुकानदार सोफ्यासमोर उभा राहून डावे म्हणतो, गिऱ्हाईक त्यावर बसून. आमच्या शेजारी एका कुटुंबाचा सोफा असाच उलट बाजूचा आला आणि आखूड बाजू थेट देवघराच्या दारात बसली. दुकानदाराने हात वर केले. खोलीची आकृती काढून, तीत दार व खिडकी दाखवून, त्या कागदावरच दुकानाची सही घ्यावी. लिफ्टचे दार, जिन्याचे वळण व घराची चौकट यांची मापेही त्याच कागदावर लिहावीत. अर्ध्यापेक्षा अधिक रक्कम आगाऊ देऊ नये, आणि उरलेली माल घरात मांडून, सर्व वडीलधारी माणसे एकदा बसून उठल्यावर द्यावी.