संगणकाचा वीजपुरवठा : प्रोसेसरच्या जोडणीची सुसंगतता

मदरबोर्डवर मुख्य जोडणीखेरीज प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी असते. इ.स. २००० मध्ये पेंटियम ४ सोबत ती ४ पिनांची आली. विजेची गरज वाढत गेल्यावर ८ पिनांची रूढ झाली. तिच्यात १२ व्होल्टच्या ४ व ग्राउंडच्या ४ तारा असतात. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग तसाच दिसतो. परंतु त्यात १२ व्होल्टच्या ३ तारा असून त्यांची बाजू उलट असते. तो बळाने बसविल्यास शॉर्ट सर्किट होऊन मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. ८ पिनांच्या जागी ४ पिनांचा प्लग लावल्यास कमी विजेचा प्रोसेसर बहुधा चालतो. अधिक विजेच्या प्रोसेसरमुळे मात्र पिना तापण्याचा धोका संभवतो. म्हणून प्रयोगशाळेतील जुना पॉवर सप्लाय नव्या मदरबोर्डला जोडताना केवळ आकारावर न विसंबता प्लगवरील ‘सीपीयू’ ही खूण व मदरबोर्डची पुस्तिका पडताळणे आवश्यक ठरते.