नानावटी खटला : कोर्टाआधीच लागलेला निकाल

परवा जुळे सोलापुरातल्या आमच्या होस्टेलवर पोरांनी 'रुस्तम' लावला होता. संपल्यावर सगळ्यांचं एकमत, हिरो बरोबर! मी म्हटलं, अरे, खऱ्या खटल्यात जन्मठेप झाली होती. कुणी ऐकेना, म्हणून हा लेखप्रपंच.

२७ एप्रिल १९५९. नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला मुंबईत त्याच्या घरी गोळ्या घातल्या आणि स्वतःच पोलिसांकडे हजर झाले. रुसी करंजियांच्या 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने कमांडरची बाजू उचलून धरली. देशसेवा करणारा नवरा विरुद्ध चैनी श्रीमंत, सरळ सिनेमाचीच स्टोरी. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना जायचा म्हणतात. रस्त्यावर 'आहुजा टॉवेल'सुद्धा विकायला आले होते म्हणे!

टॉवेलच का? आहुजा नुकताच आंघोळ करून आला होता. झटापटीत गोळ्या सुटल्या, असा बचाव होता. मग कमरेचा टॉवेल जागेवर कसा राहिला, हा सरकार पक्षाचा सवाल. तरी ज्युरीने ८ विरुद्ध १ मतांनी 'निर्दोष' सांगितलं. न्यायाधीश मेहतांना ते पटलं नाही. तेव्हाच्या कायद्यात सोय होती, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं.

इथे एक गंमत आहे. ज्युरी पेपर वाचून बिघडली, एवढंच म्हणून हायकोर्ट थांबलं नाही. ज्युरीला कायदा नीट समजावलाच नव्हता, हा मोठा दोष निघाला. शिवाय नानावटींनी बायकामुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन खोटं कारण सांगून रिव्हॉल्व्हर घेतलं, मग आहुजाला गाठलं. एवढ्या वेळात डोकं शांत व्हायला हवं होतं, म्हणजे 'रागाच्या भरात' हे टिकत नाही. २४ नोव्हेंबर १९६१ ला सुप्रीम कोर्टानेही जन्मठेप कायम केली. १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडितांनी माफी दिली, ती गोष्ट वेगळी. (हा देशातला शेवटचा ज्युरी खटला, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही, ज्युरी त्यानंतरही काही ठिकाणी चालू होती.)

हे सगळं मी शोधत बसलो त्याला कारण आहे. मागच्या सेमला आमच्या विंगमध्ये एकाचा मोबाईल गेला. ग्रुपवर फर्स्ट इयरच्या एका पोराचं नाव आलं. पुरावा काय, तर तो त्या रूममध्ये चार्जर मागायला गेला होता. रात्रीत साठ मेसेज पडले, त्यात एक माझा. तिसऱ्या दिवशी मोबाईल मालकाच्याच गादीखाली निघाला. मेसेज डिलीट झाले. 'रुस्तम' बघायला तो पोरगा आला नव्हता, मेसमध्येही अजून कोपऱ्यात एकटाच जेवतो.