गणित टकळीवरचं, गणित वहीतलं

रविवारची संध्याकाळ झाली की घरोघरी गणिताची वही बाहेर निघते. 'आई, इथं गुणायचं की भागायचं?' हा ठरलेला प्रश्न. सूत्र आठवलं तर ठीक, नाहीतर गाइड आहेच. आणि आता तर मोबाइलनं उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर पायऱ्यांसकट हजर होतं. वही पूर्ण होते, पोर झोपी जातं. पण त्या आकड्यांनी नेमकं काय मोजलं, हे त्याला उमगलं का?

वर्ध्याला हा प्रश्न नवा नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथं भरलेल्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. डॉ. झाकिर हुसेन समितीनं तिचा अभ्यासक्रम आखला. हीच 'नई तालीम'. सेवाग्रामच्या शाळेत मुलं सूत कातत आणि त्याच सुताचा हिशेब मांडत. चार फूट लांबीचा धागा म्हणजे एक तार, ६४० तारांची एक गुंडी. मग एका गुंडीत सूत किती फूट? ६४० गुणिले ४, म्हणजे २,५६०. इथं गुणाकारच का, हे कुणाला सांगावं लागत नसे. सूत हातातच असे. त्याच सुमारास, गणितावर जीव असलेल्या विनोबांनी जवळच्या नालवाडीत कताईच्या मजुरीवर जगून पाहिलं. तिथं हिशेबाचं उत्तर वहीत नव्हे, ताटात दिसे.

आजच्या गृहपाठातली सरासरी अशीच हातात घेऊन पाहा. समजा, एका मुलीनं पाच दिवसांत १६०, १७०, २०, १८० आणि १७० तार सूत कातलं. बेरीज ७००, सरासरी १४०. गणित बरोबर; पण तिसऱ्या दिवशी तिला ताप होता! एरवी ती १६० च्या खाली कधी उतरलीच नाही. आता आकडे चढत्या क्रमानं लावा: २०, १६०, १७०, १७०, १८०. मधला आकडा १७०. हाच मध्यक. तिचा खरा हात तोच सांगतो. मध्यक कशासाठी शिकायचा, याचं उत्तर त्या तापाच्या दिवसात आहे.

दुसरं उदाहरण आपल्या पऱ्हाटीचं. समजा, चांगला कापूस १० क्विंटल, भाव ७,००० रुपये. फरदड २ क्विंटल, भाव ५,५०० रुपये. सरासरी भाव किती? बरीच मुलं दोन्ही भावांची बेरीज करून दोननं भागतात आणि ६,२५० लिहितात. चुकलं! एकूण पैसे ७०,००० अधिक ११,०००, म्हणजे ८१,०००. त्याला १२ क्विंटलांनी भागलं की येतात ६,७५०. क्विंटलमागे ५०० रुपयांचा फरक; बारा क्विंटलांवर ६,०००. वहीत एक गुण जातो, बाजारात घरचे पैसे जातात.

सगळं गणित सुतातून किंवा कापसातून निघत नाही, हेही खरं. बीजगणिताची समीकरणं, भूमितीच्या सिद्धता यांचा सराव वेगळाच करावा लागतो. पण सुरुवातीची पकड हातातल्या वस्तूनं येते. सेवाग्रामला २००५ मध्ये सुरू झालेल्या 'आनंद निकेतन' शाळेनं नई तालीमचा हाच धागा पुन्हा उचलला.

तेव्हा आई-बाबांनो, सूत्र आठवत नसलं तरी बिघडत नाही. मुलाजवळ बसा आणि तीनच प्रश्न विचारा. आपण मोजतोय काय? उत्तर साधारण किती यावं? आणि आलेलं उत्तर रुपयांत, क्विंटलांत की फुटांत? दहा क्विंटलांचा ढीग मोठा, म्हणजे सरासरी ७,००० च्या बाजूला झुकणार, एवढं पेन्सिल उचलण्याआधी मुलाला सुचलं, तर पुढचा भागाकार तो आपला आपण करील. मोबाइल मग उत्तर ताडून पाहायला खुशाल घ्यावा.