भूवेष्टित निवासी भूखंड

ज्या निवासी भूखंडाची हद्द कोणत्याही सार्वजनिक रस्त्यास भिडत नाही व ज्याच्या सर्व बाजूंस इतरांच्या जमिनी असतात, त्यास भूवेष्टित भूखंड म्हणतात. किल्लारीसारख्या (जि. लातूर) मोठ्या गावांत वडिलोपार्जित जागेची भावांत वाटणी होऊन पुढचा हिस्सा एकाकडे व मागचा दुसऱ्याकडे गेल्यास असा भूखंड निर्माण होतो. तेथे घर बांधण्यासाठी नियमांतून सवलत मागितली जाते, तेव्हा दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : मालकास वाटेचा वैध हक्क आहे काय, आणि असल्यास बांधकामाच्या कोणत्या अटी शिथिल कराव्यात.

वाटेचा हक्क : हा दिवाणी स्वरूपाचा प्रश्न आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ याच्या कलम १३ नुसार मूळच्या एकत्र मिळकतीची विक्री वा वाटणी झाली व एका हिश्शाच्या उपभोगासाठी दुसऱ्यातून जाणे अपरिहार्य असले, तर निकडीचा सुविधाधिकार प्राप्त होतो. वाट केवळ जवळची वा सोयीची असणे पुरेसे नसते. दुसरी वाट उपलब्ध होऊन निकड संपली की हा हक्कही संपतो (कलम ४१). उघडपणे, शांततेने, अखंड व हक्क म्हणून वीस वर्षे केलेल्या वहिवाटीनेही हक्क मिळतो (कलम १५). शेजाऱ्याच्या परवानगीने केलेला वापर मात्र त्यात मोडत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ याच्या कलम १४३ खाली तहसीलदार बांधावरून वाट देतो, परंतु ही तरतूद शेतात जाण्यासाठी आहे. घरबांधणीच्या वादावर तो उपाय नव्हे.

सवलतीचे मूल्यमापन : अमेरिकेत १९२६ च्या आदर्श क्षेत्रविभागन अधिनियमाने नियमाच्या काटेकोर अंमलामुळे अनावश्यक हालअपेष्टा होत असल्यास अपवाद करण्याचा अधिकार स्थानिक मंडळास दिला. महाराष्ट्रातील विकास नियंत्रण नियमावल्यांतही उघड अडचण असल्यास मोजमापे शिथिल करण्याची तरतूद आढळते. मात्र आरोग्य, अग्निसुरक्षा, इमारतीची मजबुती व सार्वजनिक सुरक्षितता यांस बाध येता कामा नये, अशी मर्यादा असते. अर्ज तपासताना पुढील बाबी पाहणे इष्ट ठरते : अडचण जमिनीच्या स्थितीमुळे आहे की अर्जदाराच्या स्वतःच्या कृतीमुळे, मागितली त्याहून कमी सवलत पुरेशी होईल काय, शेजाऱ्यांचा उजेड, वारा व सांडपाण्याचा निचरा यांवर कोणता परिणाम होईल, आणि रुग्णवाहिका व अग्निशामक बंब घरापर्यंत पोहोचतील काय.

शेवटच्या मुद्द्याचे महत्त्व किल्लारीच्या अनुभवावरून ध्यानात येते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे झालेल्या भूकंपात दगडमातीच्या जाड भिंती व जड माळवदे असलेली घरे कोसळली. अशा घरांच्या दाटीत अरुंद बोळ ढिगाऱ्यांनी बुजले की आतल्यांना बाहेर पडणे व मदत आत पोहोचणे दोन्ही दुष्कर होते. त्यानंतर पुनर्वसित गावांची आखणी रुंद रस्त्यांसह मोकळ्या जागेवर करण्यात आली. परंतु तेथील भूखंडांचीही पिढ्यान्‌पिढ्या वाटणी होत गेल्यास वाटेचा प्रश्न पुन्हा उपस्थित होणे स्वाभाविक आहे.

बांधकाम-सवलतीमुळे अर्जदारास शेजाऱ्याच्या जमिनीवर कोणताही हक्क प्राप्त होत नाही. म्हणून वाटेची रुंदी व दिशा वाटणीपत्रात नमूद करून तो दस्त नोंदवावा, वाट नकाशावर दाखवावी आणि मगच सवलतीचा विचार व्हावा, हा क्रम दोन्ही पक्षांच्या हिताचा ठरतो.