थीममधलं फंक्शन पोस्टमधून कसं चालवायचं?



तिसरीच्या मुलांसाठी मी ब्लॉगरवर पाढ्यांच्या १२ चाचण्या टाकल्या होत्या. गुण मोजणारा जावास्क्रिप्टचा कोड प्रत्येक पोस्टमध्ये तोच चिकटवलेला. एके दिवशी एका आईचा फोन आला, "मॅडम, सात आठे छप्पन्न बरोबर लिहिलं तरी चूक दाखवतंय, लेक रडतेय." पाहिलं तर तिने उत्तर मराठी अंकांत लिहिलं होतं. जावास्क्रिप्टला '५६' ही संख्याच वाटत नाही, फक्त इंग्रजी अंक कळतात. म्हणजे चूक माझी, गुण गेले मुलीचे!

आता दुरुस्ती १२ ठिकाणी कोण करणार? म्हणून मराठी अंक बदलून घेणारं एकच फंक्शन लिहिलं, त्याला 'गुणमोज' नाव दिलं (हो, जावास्क्रिप्टमध्ये देवनागरी नाव चालतं) आणि ते ब्लॉगच्या थीममध्ये ठेवलं. पोस्टमधल्या 'तपासा' बटणाने फक्त त्याला हाक मारायची.

पण बटण दाबलं तर काहीच होईना. एफ-१२ दाबून कन्सोल उघडला, तिथे लाल ओळ: गुणमोज नावाचं काही अस्तित्वातच नाही.

कारण असं होतं. नेटवरून घेतलेल्या नमुन्यात सगळा कोड दुसऱ्या एका फंक्शनच्या महिरपी कंसात होता. आतलं नाव आतल्यांनाच माहीत असतं. आपण वर्गात एखाद्याला 'छोटू' म्हणतो, पण ऑफिसमधून 'छोटूला पाठवा' अशी चिठ्ठी आली तर पटावर तो सापडत नाही, तसंच. पटावर नाव घालायचं म्हणजे त्याच कंसात, फंक्शनच्या खाली एक ओळ लिहायची: विंडो, टिंब, गुणमोज, बरोबरचं चिन्ह, पुन्हा गुणमोज. यातला विंडो शब्द मात्र इंग्रजी लहान अक्षरांतच हवा. स्क्रिप्टचा प्रकार मॉड्यूल असेल तरी हीच ओळ लागते.

दुसरी गोष्ट क्रमाची. ब्राउझर पान वरून खाली वाचत जातो. फंक्शन थीमच्या तळाशी असेल तर बटण चालतं, कारण ते आपण नंतर दाबतो. पण पान उघडताच पोस्टने हाक मारली तर फंक्शन अजून वाचलेलंच नसतं. म्हणून ते थीमच्या हेड भागात, बाहेरच्या कंसाशिवाय ठेवलं की वरची ओळही लागत नाही. थीम ही एक्सएमएल फाइल असते, तेव्हा कोड सीडाटाच्या वेष्टनात ठेवा. नाहीतर 'पेक्षा लहान'च्या चिन्हावरून थीम सेव्हच होत नाही. माझा अर्धा रविवार यातच गेला.

एवढं करूनही दोन चाचण्या मराठी अंकांना चूकच म्हणत होत्या. त्या पोस्टमधून जुना कोड काढायचा राहिला होता. त्यातही नाव गुणमोजच होतं, आणि एकाच नावाची दोन फंक्शनं असली की नंतर वाचलेलं टिकतं, तेही कुठलीही लाल ओळ न दाखवता. जुना कोड पुसला, मग त्या आईला फोन केला.