जॅझची मैफल कशी ऐकावी

विद्याभ्यासानिमित्त दोन वर्षे न्यूयॉर्क शहरी राहण्याचा योग आम्हांस आला. तेथून आम्ही घरी जी पत्रे धाडली, त्यांपैकी एकात जॅझ नामक अमेरिकन संगीताविषयी, ‘प्रत्येक जण मनास येईल ते वाजवितो आणि शेवटी सर्व एकदम थांबतात, एवढेच काय ते नवल’ असे एक वाक्य मोठ्या ऐटीने लिहिले होते. आमच्या वडिलांनी ते पत्र जपून ठेविले आहे, याची आता लाज वाटते. ते वाक्य कसे चुकले होते, हे ज्या रात्री आम्हांस कळले, त्या रात्रीची हकीकत येथे सांगावयाची आहे.

मॅनहॅटन बेटाच्या दक्षिण अंगास ग्रेनिच व्हिलेज म्हणून जुनी वस्ती आहे. तेथे मॅक्स गॉर्डन या गृहस्थांनी ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ नावाचा क्लब काढला, आणि १९३५ सालापासून तो एकाच तळघरात आहे. प्रारंभी तेथे कविताही म्हटल्या जात. पुढे जॅझनेच ती जागा व्यापिली. रस्त्यावरून एक उभट जिना खाली उतरतो. खोली पाचरीसारखी, एका बाजूस निमुळती होत गेलेली. त्या निमुळत्या टोकास रंगमंच. आत १२३ माणसे बसतात, याहून अधिक नाहीत. पालकवर्गाच्या समाधानासाठी हेही सांगतो की, तेथे काहीतरी पेय मागवावे लागते म्हणून आम्ही जिंजर एल मागविले, व तेच शेवटपर्यंत पुरविले.

वादक चार होते. सॅक्सोफोन, पियानो, ड्रम आणि डबल बेस. हे शेवटचे वाद्य पुरुषभर उंचीचे असून त्याच्या जाड तारा बोटांनी छेडतात. आरंभी सर्वांनी मिळून एक चाल वाजविली. नंतर सॅक्सोफोनवाल्याने एकट्याने बराच वेळ वाजविले, आणि त्याचे संपताच, गत चालू असतानाच, लोकांनी टाळ्या दिल्या. आम्हांस हा अविनय वाटला. मग पियानोची पाळी झाली. त्यानंतर मात्र सॅक्सोफोन खाली ठेवला गेला, पियानोवरचे हात थांबले, ड्रमवाला झांजेला नुसता स्पर्श करू लागला, आणि बेसचे मंद सूर तेवढे उरले. ही विश्रांतीची वेळ असावी, अशा समजुतीने आम्ही आमच्या सोबत्याशी मराठीत घरभाड्याच्या गोष्टी करू लागलो. शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी ओठांवर बोट ठेविले आणि त्याच बोटाने रंगमंच दाखविला. बेस वाजविणारा डोळे मिटून, वाद्याच्या मानेवर कपाळ टेकून वाजवीत होता. ती विश्रांती नव्हती. त्याची पाळी होती! आमचे कान तापले.

बैठक संपल्यावर पदपथावर आम्ही त्या गृहस्थांची क्षमा मागितली. त्यांनी हसून विचारले, आपण मोजीत होता की नाही? काय मोजावयाचे, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. तेव्हा त्यांनी तेथेच उभे राहून जे समजाविले, ते आमच्या शब्दांत असे.

जॅझमधील ‘ब्लूज’ नावाचा प्रकार बहुधा १२ खंडांचा असतो. प्रत्येक खंडात ४ मात्रा. म्हणजे एक आवर्तन ४८ मात्रांचे. चाल एकदा वाजवून झाली की ती नाहीशी होते. परंतु तिचे आवर्तन फिरतच राहते. कोणत्या खंडात पियानोवर कोणते तीन-चार स्वर एकत्र वाजावयाचे, हे ठरलेले असते. त्या ठरलेल्या वाटेवर प्रत्येक वादक आपल्या पाळीस नवी चाल तत्क्षणी रचीत जातो. आपल्याकडील ख्यालगायक आवर्तन भरून समेवर येतो, त्याचेच हे दूरचे भावंड म्हणावे. भेद इतकाच की, आपण कोठे आहो हे आपल्याकडे तबल्याचा ठेका सांगतो. तेथे ते स्वरांच्या त्या बदलत्या जुळण्या सांगतात. आणखी एक मौज अशी की, ब्लूजमधील गंधार पुष्कळदा कोमलही नसतो व शुद्धही नसतो, दोहोंच्या मध्ये कोठेतरी लागतो. पेटीवर तो सापडावयाचा नाही. जोर चारांपैकी दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर असतो. आम्ही पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर पाय आपटीत होतो, हेही त्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या बैठकीचे तिकीट काढले. त्या महिन्यात जेवणात काटकसर करावी लागली, ती गोष्ट निराळी. ब्लूज सुरू होताच आम्ही अंगठ्याने बोटांची पेरे मोजू लागलो. चार बोटांची पेरे १२, ब्लूजचे खंडही १२! आजीने जप मोजण्यासाठी शिकविलेली रीत तेथे अशी उपयोगी पडली. अखेरीस ड्रमवाल्याची पाळी आली व बाकीचे तिघे हात आवरून उभे राहिले. आता ना चाल, ना स्वर, नुसता कडकडाट. हा मनुष्य सगळे माप सोडून भलतीकडे गेला, अशी आमची खात्री झाली. तरी आम्ही अंगठा चालूच ठेविला. दोन वेळा पेरे संपली. तिसऱ्यांदा बारावे पेर संपून अंगठा पहिल्यावर टेकला, आणि त्याच क्षणी चौघांचा स्वर एकदम पडला. कोणी कोणाकडे पाहिलेसुद्धा नव्हते. आम्ही इतक्या मोठ्याने ‘वाहवा’ म्हटले की, लोक वळून पाहू लागले. त्या वृद्धांनी मात्र यावेळी बोट ओठांवर ठेविले नाही.

ही विद्या कोणी निर्माण केली, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्या गुलामांच्या मुलानातवंडांनी न्यू ऑर्लिन्स शहरी हे संगीत घडविले. त्याच शहरी १९०१ साली जन्मलेला लुई आर्मस्ट्राँग १९१२ च्या अखेरच्या रात्री रस्त्यात पिस्तूल उडविल्याबद्दल सुधारगृहात पडला, आणि तेथील बँडमध्ये कॉर्नेट शिकून पुढे जगप्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कच्या कॉटन क्लबात १९२७ पासून ड्यूक एलिंग्टन यांचा वाद्यवृंद वाजे. परंतु त्यांच्या वर्णाच्या लोकांस श्रोते म्हणून तेथे सहसा प्रवेश नसे. आपल्या मुंबईसही हे संगीत परके नाही. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा ताजमहाल हॉटेलात आला होता. गोव्यातील हळदोण्याचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवीत, आणि सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटातील संगीतास त्यांचा हातभार लागला होता. ज्यांच्या घरी ती गाणी अजून ऐकली जातात, त्यांनी त्यांतील ट्रम्पेटकडे एकवार कान द्यावा.

निरोप घेताना त्या वृद्ध गृहस्थांनी आम्हांस एक ध्वनिमुद्रण ऐकावयास सांगितले. २५ जून १९६१ रोजी, रविवारी, त्याच तळघरात बिल एव्हान्स हे पियानोवादक आपल्या दोन साथीदारांसह वाजवीत असता ते घेतलेले आहे. बेसवर स्कॉट लफारो होते. वय २५ वर्षे. पुढे ११ दिवसांनी, ६ जुलै रोजी, मोटारीच्या अपघातात ते मृत्यू पावले.

परत आल्यावर आम्ही ते पुष्कळदा ऐकले आहे. बेसची पाळी येते, पियानो थांबतो, आणि पेल्यांची किणकिण ऐकू येते. कोणी हसते, कोणी आपसात गोष्टी करते. शब्द कळत नाहीत. त्यांच्या मागून लफारो वाजवीत असतात.