बायझन्टाइन सुवर्णनाण्यांचा संग्रह आणि इतिहासाचा पुरावा : एक विवेचन

प्रस्तावना :

प्राचीन इतिहासाच्या साधनांत शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांना महत्त्वाचे स्थान आहे. यांपैकी नाण्यांचे वैशिष्ट्य असे, की ती इतिहासाचे साधन असूनही मोठ्या संख्येने बाजारात विकली जातात. बायझन्टाइन साम्राज्याची सोन्याची नाणी युरोप व अमेरिकेतील लिलावांत नियमितपणे येत असतात आणि जगभर त्यांचे संग्राहक आहेत. अशा नाण्यांच्या संग्रहामुळे इतिहासाचे रक्षण होते की त्याची हानी होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकांपुढे सातत्याने उभा राहतो. प्रस्तुत लेखात या नाण्यांचे स्वरूप, त्यांच्या संग्रहाची परंपरा आणि एकट्या नाण्यातून मिळणाऱ्या पुराव्याची मर्यादा यांचा विचार करावयाचा आहे.

सॉलिडस : स्वरूप व प्रमाण

'बायझन्टाइन' हे नाव त्या साम्राज्यातील लोकांनी स्वतःस कधी लावले नाही. ते स्वतःला रोमनच म्हणवीत. हे नाव सोळाव्या शतकापासून युरोपीय विद्वानांनी रूढ केले. या साम्राज्याचे मुख्य सुवर्णनाणे म्हणजे सॉलिडस होय. सम्राट कॉन्स्टन्टाइन पहिला याने इ. स. ३०९ च्या सुमारास ते सुरू केले. एका रोमन पौंड सोन्यातून ७२ नाणी पाडली जात, म्हणजे प्रत्येकाचे वजन सुमारे ४.५ ग्रॅम असे. या वजनाचे २४ भाग मानले जात. आज आपण सोन्याची शुद्धता २४ कॅरेटच्या मापाने मोजतो, त्या पद्धतीचा उगम या विभागणीपर्यंत नेता येतो. सॉलिडसचा अर्धा भाग सेमिसिस व तिसरा भाग ट्रेमिसिस या नावाने ओळखला जाई.

अनेक सॉलिडसांच्या मागील बाजूस तळाशी 'कोनोब' अशी अक्षरे आढळतात. त्यांतील पहिला भाग कॉन्स्टन्टिनोपल या राजधानीचा आणि दुसरा भाग शुद्ध केलेल्या सोन्याचा निर्देशक आहे. विशेष म्हणजे, ग्रीक अंकपद्धतीत 'ओब' या दोन अक्षरांचे मूल्य ७२ असेच होते. अशा रीतीने राज्यकर्त्यांनी सोन्याच्या कसाची हमी नाण्यावरच नोंदविली होती.

नाण्यावरून होणारे इतिहासाचे वाचन

बायझन्टाइन नाणे हे राज्याच्या विचारसरणीचे फिरते घोषणापत्र होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. सम्राट जस्टिनियन दुसरा याने इ. स. ६९२ च्या सुमारास नाण्याच्या दर्शनी बाजूवर ख्रिस्ताची प्रतिमा घेतली आणि स्वतःस मागील बाजूवर स्थान दिले. त्यानंतर काही वर्षांतच, इ. स. ६९६-९७ मध्ये, उमय्यद खलिफा अब्द अल-मलिक याने कोणतीही प्रतिमा नसलेला, केवळ अक्षरांचा सोन्याचा दीनार प्रचारात आणला. दोन सत्तांमधील धार्मिक व राजकीय स्पर्धा येथे नाण्यांच्या भाषेत वाचता येते. इ. स. ७९७ ते ८०२ या काळात राज्य करणाऱ्या आयरीन या सम्राज्ञीने तर सॉलिडसच्या दोन्ही बाजूंवर स्वतःचीच प्रतिमा कोरविली.

प्रतिमांइतकेच धातूचे वाचनही महत्त्वाचे आहे. अनेक शतके या नाण्याचा कस उच्च राहिला. अकराव्या शतकात मात्र त्यात हीण मिसळण्यास सुरुवात झाली. मायकेल सातवा (१०७१-१०७८) याच्या काळापर्यंत घसरण तीव्र झाली होती, आणि त्याच्यानंतर आलेल्या निकेफोरस तिसरा (१०७८-१०८१) याच्या नाण्यांत सोन्याचा अंश सुमारे एक तृतीयांश उरला होता. अखेर १०९२ मध्ये सम्राट अलेक्सियस पहिला याने 'हायपरपिरॉन' हे नवे, सुमारे २०.५ कॅरेटचे नाणे काढून चलनव्यवस्था सावरली. इ. स. १३५० नंतर थोड्याच काळात सोन्याची नाणी पाडणे कायमचे थांबले. म्हणजे १४५३ मध्ये राजधानी पडण्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे राज्याची सुवर्णमुद्रा लोप पावली होती.

संग्रहाची परंपरा व तिचे योगदान

वरील ज्ञानाचा बराच भाग संग्राहकांच्या परिश्रमांवर उभा आहे, हे मान्य करणे क्रमप्राप्त आहे. वॉशिंग्टन येथील डम्बार्टन ओक्स या संस्थेचा विख्यात संग्रह हेफर्ड पिअर्स यांच्यासारख्या खाजगी संग्राहकांच्या नाण्यांतून वाढला. बर्मिंगहॅम येथील बार्बर इन्स्टिट्यूटचा संग्रहही मुख्यतः फिलिप व्हिटिंग व जेफ्री हेन्स यांनी जमविलेल्या नाण्यांवर आधारलेला आहे. केंब्रिजचे इतिहासकार फिलिप ग्रियर्सन (१९१०-२००६) यांना १९४० च्या दशकाच्या मध्यात वडिलांच्या वस्तूंत फोकास या सम्राटाचे तांब्याचे एक नाणे सापडले आणि त्यातून त्यांच्या नाणकशास्त्रीय कार्याचा आरंभ झाला. पुढे डम्बार्टन ओक्सचा संग्रह त्यांच्याच मार्गदर्शनाखाली वाढला व सूचिबद्ध झाला. त्यांनी स्वतः जमविलेली मध्ययुगीन नाणी त्यांच्या पश्चात केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयास मिळाली.

या संग्राहकांनी नाणी केवळ जमविली नाहीत, तर ती तोलली, वर्गीकृत केली, प्रसिद्ध केली आणि सार्वजनिक संस्थांच्या स्वाधीन केली. संग्रह आणि साठा यांतील भेद येथे स्पष्ट होतो.

२६४ नाण्यांचा धडा

तथापि, उत्तम संग्रहासही जे साध्य होत नाही, ते एका उत्खननाच्या उदाहरणावरून लक्षात येते. डिसेंबर २००८ मध्ये जेरुसलेमच्या जुन्या शहराच्या तटबंदीलगत चाललेल्या उत्खननात एका मोठ्या इमारतीच्या अवशेषांत २६४ सुवर्णनाणी सापडली. सर्व नाणी सम्राट हेराक्लियस याची होती. त्यांवर त्याचा मुलगा सहसम्राट म्हणून दिसत नाही. त्यामुळे ती इ. स. ६१० ते ६१३ या कालखंडातील ठरतात. विशेष बाब अशी, की ही सर्व नाणी ठशांच्या एकाच जोडीने पाडलेली होती आणि हाताळणीने झिजलेली नव्हती.

संग्राहकाच्या दृष्टीने पाहिल्यास यांतील एक नाणे ठेवण्याजोगे आणि २६३ नाणी त्याच्या केवळ प्रती होत. इतिहासकाराच्या दृष्टीने मात्र सर्व पुरावा या सारखेपणातच आहे. दूरच्या राजधानीतून निघालेली नाणी खजिन्यातून व व्यवहारातून फिरत आली असती, तर त्यांत निरनिराळ्या ठशांची नाणी मिसळली असती. एकाच ठशाची इतकी नवी नाणी एकत्र मिळतात, याचा अर्थ ती पाडल्यापासून व्यवहारात आलीच नव्हती. यावरून जेरुसलेममध्येच तात्पुरती टांकसाळ चालली असावी, असे अनुमान अभ्यासकांनी मांडले आहे. इ. स. ६१४ मध्ये पर्शियन सैन्याने हे शहर जिंकले, ही घटना लक्षात घेता या निधीचे महत्त्व अधिकच वाढते.

आता कल्पना करावी, की हीच नाणी चोरट्या खोदकामात सापडून बाजारात आली असती. एकेक विकली गेल्यास प्रत्येक नाणे हेराक्लियसचा एक सॉलिडस एवढेच ठरले असते आणि टांकसाळीचा प्रश्न कोणाच्या मनातही आला नसता. एकत्र विक्रीस आली असती, तर एकाच ठशाची न झिजलेली इतकी नाणी पाहून जाणकारांना प्रथम बनावटपणाचीच शंका आली असती. म्हणजे उत्खननात जो गुण पुरावा ठरला, तोच बाजारात दोष ठरला असता. सोने तेच, ठसा तोच, परंतु प्राप्तिस्थान हरपल्यामुळे त्याचा अर्थ मात्र उलटा झाला असता.

भारतीय संदर्भ

हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. सहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने आपल्या ग्रंथात पश्चिम किनाऱ्यावरील 'कल्लियाना' या बंदराचा उल्लेख केला आहे. हे बंदर म्हणजे ठाणे जिल्ह्यातील कल्याण होय, असे सामान्यतः मानले जाते. सिंहलद्वीपाच्या राजापुढे एका रोमन व्यापाऱ्याने आपले सोन्याचे नाणे व पर्शियाचे चांदीचे नाणे शेजारी ठेवून आपल्या सम्राटाचे श्रेष्ठत्व सिद्ध केले, अशी कथाही त्याने सांगितली आहे.

दक्षिण भारतात पाचव्या-सहाव्या शतकांतील सॉलिडस आणि त्यांची स्थानिक अनुकरणे सापडली आहेत. कर्नाटकातील अक्की आलूर येथील निधी या दृष्टीने प्रसिद्ध आहे. यांतील अनेक नाण्यांना सम्राटाच्या मुखवट्याच्या वर दोन छिद्रे पाडलेली आहेत. आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेची आठवण व्हावी असाच हा उपयोग दिसतो. छिद्रामुळे लिलावात नाण्याची किंमत उतरते. परंतु परकीय चलन येथे अलंकार म्हणून कसे स्वीकारले गेले, हे सांगणारा पुरावा त्या छिद्रातच आहे.

भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे, तर १९७२ च्या कायद्याने पुरावस्तूंच्या खाजगी निर्यातीस मनाई केली आहे. मात्र सापडलेले सोने सोनाराच्या मुशीत गेल्यावर कायद्याला करण्यासारखे काही उरत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की संग्रह ही गोष्ट स्वभावतः इतिहासाची वैरी नाही, आणि आपोआप मित्रही नाही. नाण्याचे वजन, कस व प्रतिमा नाण्यासोबत राहतात. त्याचे प्राप्तिस्थान व सोबतची नाणी यांची माहिती मात्र कोणी लिहून ठेवली तरच राहते.

हा मुद्दा महाविद्यालयीन अध्यापकांच्या कर्तव्याशी निगडित आहे. प्रस्तुत लेखकाने एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागात लाकडी पेटीत ठेवलेली जुनी नाणी पाहिली आहेत. ती देणगीदाखल आली होती, एवढेच सांगितले गेले. कोणी दिली, कोठे सापडली, याची नोंद नव्हती, आणि ते सांगू शकणारे अध्यापक निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती. नाणी बंद कुलपात सुरक्षित होती, इतिहास मात्र त्यापूर्वीच निसटला होता. म्हणून आपल्या विभागांतील प्रत्येक नाण्याचे वजन, छायाचित्र, दात्याचे नाव व प्राप्तिस्थान यांची नोंदवही आजच तयार करणे अगत्याचे आहे. माहिती सांगू शकणारी माणसे आपल्यात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.